तांबडी सुर्ल्याची वाट

आमच्या खानापूर तालुक्यातील माणसाला डोंगर नवा नाही. अंगणात उभे राहिले की पश्चिमेस सह्याद्रीची निळी रांग दिसते. पावसाळ्याचे ढग तिच्यावरून उतरून आमच्या भातशेतीवर येतात. आणि जळणासाठी, मधासाठी, हरवलेल्या म्हशीसाठी रानात न गेलेला मनुष्य आमच्या गावात शोधूनही सापडायचा नाही. परंतु केवळ पाहण्यासाठी, चालण्याच्या आनंदासाठी डोंगरात जावे ही गोष्ट मात्र आमच्या वडिलधाऱ्यांना अजून थोडी हसण्यासारखीच वाटते. "रान काय बघायचं, फादर? रान आम्हांला बघून कंटाळलंय!" असे एका आजोबांनी आम्हांस ऐकविले होते. तरीही २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात आमच्या धर्मग्रामातील तेवीस माणसे एका लहान बसमधून अनमोड घाट उतरून गोव्यातील मोले अभयारण्यात गेली, तांबडी सुर्ल्याचे पुरातन मंदिर पाहून पुढे धबधब्यापर्यंत चालली, आणि रात्री सुखरूप परतली. ‘सुखरूप’ हा शब्द आम्ही सवयीने लिहीत नाही. तो का लिहिला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

तेवीस जणांत तरुण मुलेमुली अधिक होती. त्यांजबरोबर चार आया, निवृत्त शाळामास्तर, दोन शेतकरी आणि आम्ही. सर्वांत शेवटी नाव आले ते एका विधवा भगिनीच्या मुलाचे. मुलगा सतरा वर्षांचा, अंगाने सडपातळ, बोलण्यात मितभाषी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला पूर आला, तेव्हा त्याचे वडील गोठ्यातील म्हैस सोडविण्यास गेले ते परतले नाहीत. तेव्हापासून ती माऊली मुलाला नदीच्या वाटेने एकट्याला धाडीत नसे. सहलीच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली, वर्गणीचे पैसे मेजावर ठेवले, आणि जाता जाता उंबरठ्यात थांबून म्हणाली, "तुमच्या मागनंच चालू द्या त्याला, फादर." आम्ही होकार दिला. होकार देणे किती सोपे असते!

पहाटे पाच वाजता बस सुटली. खानापूर मागे पडले तेव्हा भाताच्या पिवळ्या पडू लागलेल्या शेतांवर धुके पसरले होते. लोंढा आणि रामनगर ओलांडून आम्ही अनमोडला पोहोचलो, तोवर झाडी दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकली होती. बेळगावहून पणजीस जाणारा हा महामार्ग येथे घाट उतरून गोव्यात शिरतो. आमच्या आज्या-पणज्यांनी ज्या वाटा मीठ, सुकी मासळी आणि नारळ वाहणाऱ्या बैलांच्या मागे पायी तुडविल्या, त्या डोंगरातून आज घडीभरात उतरता येते. एका वळणावर ढग खाली आणि आम्ही वर अशी स्थिती झाली, तेव्हा बसमधील गाणी आपोआप थांबली.

घाट संपता संपता मोले लागते. येथील अरण्य १९६९ साली संरक्षित झाले आणि पुढे त्यास भगवान महावीर अभयारण्य हे नाव मिळाले. त्याचे क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर असून त्यातील १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. उद्यान म्हटले की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे घसरगुंडी आणि गुलाबाचे ताटवे येतात. येथे तसे काही नाही. येथे ऐन, किंजळ आणि सावर यांचे उंच खोड आहे, त्यावर चढलेल्या मांडीएवढ्या वेली आहेत, आणि त्यांच्या सावलीत गवा, सांबर, शेकरू, धनेश यांचे राज्य आहे. मनुष्याने येथे पाहुण्यासारखे यावे, घरधन्यासारखे वागू नये, एवढीच या उद्यानाची अट.

या अरण्याच्या पोटातून कॅसलरॉकहून कुळ्यास उतरणारा लोहमार्ग जातो. पोर्तुगीज अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला गेला आणि त्याने मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडले. याच मार्गावरील पुलासमोर सुमारे ३१० मीटर उंचीवरून दूधसागर कोसळतो. आमच्या मुलांची खरी हौस तीच होती: रुळांवरून चालत जाऊन दूधसागर पाहावा! आम्ही ती साफ नाकारली. रुळांवरून चालणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात शेकडो तरुण त्या वाटेने गेले, तेव्हा पोलिसांनी त्यांना अडवून उठाबशा काढावयास लावल्या होत्या. शिक्षेचे सोडून द्या. बोगद्यात गाडी समोर आली तर बाजूला व्हावयास जागा नसते, हे पुरेसे कारण आहे. पाऊस सरल्यावर कुळ्याहून परवानगीच्या जीपगाड्या धबधब्याच्या पायथ्याकडे नेतात. परतताना वेळ उरल्यास तसे जाऊ, असे आम्ही कबूल केले. मास्तरांनी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. याच घाटातील लोहमार्ग दुहेरी करण्यास वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात रद्द केली, कारण या रानाची होणारी हानी भरून निघणार नव्हती. एका मुलाने विचारले, "म्हणजे झाडं खटला जिंकली?" मास्तर म्हणाले, "झाडांच्या वतीने माणसं भांडली, म्हणून जिंकली."

मोल्याहून बारा किलोमीटरच्या आसपास आत गेले की तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे मंदिर येते. बाराव्या-तेराव्या शतकात, कदंब राजवटीत उभारलेले हे मंदिर काळ्या दगडाचे असून हा दगड घाटापलीकडून आणला असावा असे अभ्यासक सांगतात. चुन्याचा वापर न करता घडीव चिरे एकमेकांत बसविले आहेत. आकाराने ते लहान आहे. आमच्या गावच्या चर्चच्या आवारात सहज मावेल. मंडपाच्या मधोमध शिर भंगलेला नंदी, सभोवार कोरीव खांब आणि वर पाहावे तो छतात उमललेले दगडी कमळ. गोव्यातील कदंबांची इतर बहुतेक देवालये काळाच्या आणि माणसाच्या हातून नाहीशी झाली. हे आडरानात असल्यामुळे वाचले. आम्ही पादत्राणे बाहेर काढली आणि सारे काही क्षण स्तब्ध उभे राहिलो. ज्या कारागिरांची नावे कोणास ठाऊक नाहीत, त्यांनी सातशे-आठशे वर्षांपूर्वी एवढ्या दूर अरण्यात कामात कसूर केली नाही, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या माणसास नम्र करणारी आहे.

मंदिरापासून धबधब्याची पायवाट निघते. वनखात्याच्या माणसांकडे नावे नोंदवून, शुल्क भरून, आम्ही जवळच्याच वाडीतील एक वाटाड्या सोबत घेतला. पन्नाशीचा, काटक, कमरेला कोयती आणि हातात कारवीची काठी. त्याने प्रथम आम्हां सर्वांस एका ओळीत उभे केले आणि बोटाने मोजले. मग आमच्या मुलांपैकी काहींच्या पायांतील चकचकीत बूट पाहून मान हलविली. पण बोलला नाही.

वाट सुंदर होती. पावसाने धुतलेल्या पानांतून ऊन खाली उतरताना हिरवे होत होते. डावीकडे कोठेतरी धनेशाच्या पंखांचा, दळणाच्या जात्यासारखा, घरघर आवाज झाला आणि थांबला. शीळकरी कस्तुराची शीळ ऐकून मुलींनी वळून मुलांकडे रागाने पाहिले; तो पक्षी आहे हे वाटाड्याने सांगितले तेव्हा हशा पिकला. जळवांनी आपले काम चोख केले. तंबाखूच्या पाण्यात बुडवून आणलेल्या फडक्यांमुळे आयांची चलाखी सिद्ध झाली. वाटेत एक ओढा लागला. घोट्याएवढे पाणी, तळाचा प्रत्येक गोटा दिसेल इतके नितळ. मुलांनी त्यात उड्या मारल्या. आम्हीही विजार वर दुमडून हसत पार झालो.

धबधब्यापाशी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. काळ्या कड्यावरून पांढरे पाणी उतरत होते आणि तुषारांनी सारी दरी ओली झाली होती. पाण्यात कोणी उतरू नये असे बजावले होते. ते सर्वांनी पाळले. भाकरी, लसणाची चटणी, उकडलेली अंडी असे जेवण झाले. बारा वाजून गेल्यावर घाटमाथ्याच्या दिशेने एक लांबट गडगडाट ऐकू आला. आमच्या डोक्यावर निळे आकाश होते. वाटाड्या उठला, काठी उचलली आणि म्हणाला, "चला."

येथे आमच्या हातून चूक झाली. वाटाड्याबरोबर आम्ही पुढे निघालो. मागोमाग आया, मुली, मास्तर. वयस्कर मंडळी दमू नयेत म्हणून त्यांना सांभाळावे, एवढेच आमच्या मनात होते. पाठीमागे कोण राहिले हे पाहण्याचे काम आम्ही कोणावरही सोपविले नाही. ज्याला मागून चालू द्या असे त्याच्या आईने सांगितले होते, तो आमच्या मागेच होता. पण किती मागे, हे आम्ही एकदाही वळून पाहिले नाही.

ओढ्यापाशी आलो. पाणी सकाळपेक्षा बोटभर वाढलेले. वाटाड्याने मध्यावर उभे राहून एकेकाला हात देऊन पार केले आणि मग सकाळसारखेच बोटाने मोजले. अठरा. त्याने पुन्हा मोजले. अठराच. पाच मुले मागे राहिली होती; धबधब्याची छायाचित्रे काढीत रेंगाळली होती.

तो परत जावयास पाण्यात उतरला आणि लगेच थबकला. पाण्यावरून वाळकी पाने आणि काटक्या वाहत येऊ लागल्या होत्या. त्यामागून पाण्याचा रंग पालटला. नितळ पाणी तांबूस झाले. तो उलट पावली काठावर आला, आणि आम्हां सर्वांस हाताने वर, आणखी वर ढकलू लागला. पुढच्या काही मिनिटांत जे झाले ते आम्ही आयुष्यात प्रथमच पाहिले. पाऊस नाही, वारा नाही, ऊन तसेच पडलेले. आणि तो घोट्याएवढा ओढा गर्जत मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत चढला. सकाळी मुलांनी ज्या दगडावरून उड्या मारल्या होत्या, तो कोठे आहे हेही कळेना.

याचे कारण पुढे वाटाड्याने आणि मास्तरांनी मिळून मुलांना समजाविले, ते येथेच सांगून ठेवतो. घाटमाथा समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास आहे आणि तेथील पाणी थोड्याच अंतरात खाली कोकणपट्टीत उतरते. उतार तीव्र, खडक उघडा, माती पावसाळाभर पाणी पिऊन तृप्त झालेली. वर अर्धा तास सर कोसळली की ती जिरत नाही; सारीच्या सारी ओढ्यात येते. म्हणून खाली ऊन असतानाही पूर येतो. आणि वेगाचे गणित असे की पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. संथ तळ्यात छातीभर पाण्यात उभा राहणारा पुरुष धावत्या ओढ्यात गुडघाभर पाण्यातही पाय टिकवू शकत नाही.

इतक्यात पलीकडच्या काठावर ती पाच मुले आली. सर्वांत धाकटा तेरा वर्षांचा, सर्वांत मोठा त्या माऊलीचा मुलगा. आम्ही ओरडलो; आवाज पाण्याने गिळला. त्यांतील दोघे काठावर येऊन पाय घालून पाहू लागले. आमच्या अंगात काय संचारले कोणास ठाऊक, आम्ही चपला काढून खाली धावलो. वाटाड्याने दंड धरला. इतका घट्ट धरला की त्याची बोटे दुसऱ्या दिवशीही दंडावर उमटलेली होती. "हांगाच रावात, पाद्री," तो म्हणाला. इथेच थांबा. आवाजात राग नव्हता, आर्जवही नव्हते.

पलीकडे आम्ही पाहिले ते असे: त्या सतरा वर्षांच्या मुलाने पाय घालणाऱ्या दोघांना शर्टाला धरून मागे ओढले. झटापट झाली, एकाने त्याला ढकलले. त्याने सोडले नाही. मग तो चौघांनाही घेऊन वर एका उंच खडकावर गेला, धाकट्याला मध्ये बसविले, आणि स्वतः वाटेच्या तोंडाशी बसला, कोणी उतरू नये म्हणून. ज्या मुलाच्या वडिलांना पाण्याने नेले, तो पाण्याकडे तोंड करून बसला.

वाटाड्याने प्रवाहातील एक दगड दाखविला. त्याच्या अंगावर पांढरा पट्टा होता आणि त्या पट्ट्याला लाटा लागत होत्या. "तो पट्टा वर येऊन खालचा दगड उघडा पडला की जाऊ. तोवर नाही." एक वाजून वीस मिनिटे झाली होती. आयांनी जपमाळ काढली. आम्हीही मणी ओढीत होतो. पण खरे सांगावयाचे तर आमचे डोळे त्या पांढऱ्या पट्ट्यावरच होते. अडीच वाजता तो पाण्याखाली गेला. तीन वाजता पुन्हा दिसला. त्या दोन-अडीच तासांत आम्ही मनातल्या मनात किती वेळा त्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहिलो, आणि दरवाजा उघडल्यावर काय बोलावे ते न सुचून परत आलो, हे आमचे आम्हांस ठाऊक.

पावणेचारला दगड उघडा पडला. वाटाड्याने आणखी पाव तास थांबविले. मग तो एकटाच, काठी प्रवाहाच्या वरच्या अंगास रोवीत पलीकडे गेला. पाच मुलांनी एकमेकांचे दंड गुंफले, तोंडे वरच्या प्रवाहाकडे, आणि बाजूबाजूने पावले टाकीत ती आली. सर्वांत शेवटी तो मुलगा. वाटाड्याने पुन्हा बोटाने मोजले. तेवीस. मग प्रथमच तो हसला, आणि कमरेची चंची सोडून पान खावयास बसला.

आम्ही त्या मुलाला विचारले, "पाण्यात उतरू नये हे तुला कसे कळले?" तो म्हणाला, "आई म्हणते, पाणी तांबडं झालं की त्याला पाठ दाखवावी, पाय दाखवू नये."

दूधसागर राहिला. कोणी त्याचे नावही काढले नाही. मोल्याजवळ भ्रमणध्वनी चालू लागताच आम्ही पहिला फोन त्या भगिनीस केला. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकण्याआधी तिने आमच्याकडून ऐकावे म्हणून. घडले ते सर्व, आमच्या चुकीसह, सांगितले. बराच वेळ पलीकडून शब्द आला नाही. मग ती म्हणाली, "त्याला द्या जरा." मुलगा दोन वाक्ये बोलला. "हो, जेवलो," आणि "येतोय."

वाचकहो, ही हकीकत वाचून कोणी मुलांना डोंगरात पाठविणे बंद करील, तर आमचे लिहिणे फुकट गेले. डोंगर वाईट नाही, ओढा वाईट नाही. आपण मोजणी विसरतो, ही गोष्ट वाईट. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. स्थानिक वाटाड्यावाचून अनोळखी रानात जाऊ नये आणि त्याचा शब्द शेवटचा मानावा. पुढे वाटाड्या असेल तर सर्वांच्या मागे एक जबाबदार, धडधाकट माणूस असावा, आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये. ओढा ओलांडण्यापूर्वी सर्वांनी एकत्र यावे. निम्मे अलीकडे, निम्मे पलीकडे ही स्थिती येऊ देऊ नये. वर गडगडाट झाला, पाण्यात पाने-काटक्या आल्या, रंग किंवा आवाज बदलला, की असेल तेथून उंच जागी जाऊन थांबावे. चढलेले पाणी बहुधा काही तासांत उतरते. थांबल्याने फार तर दूधसागर पाहावयाचा राहतो.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही सर्वांदेखत आमची चूक सांगितली. ती भगिनी मागल्या बाकावर होती. लोक पांगल्यावर ती पुढे आली. तिच्या मुद्रेवरून काही कळेना. आम्ही बोलणी खाण्याची तयारी ठेवली होती. तिने विचारले, "दोर नव्हता होय बरोबर?"

"नव्हता."

"मग पुढच्या वेळेला न्या. आणि त्याला शेवटाला चालू द्या. तो बघतो मागचं."

तीस मीटरचा तो जाड दोर आम्ही खानापूरच्या बाजारातून आणला. चर्चच्या मागच्या खोलीत, मिरवणुकीच्या छत्रीशेजारी खुंटीला तो टांगलेला आहे. यंदाच्या ऑक्टोबरात दूधसागरला जावयाचे घाटत आहे, जीपगाडीने. नावे देणाऱ्यांची वही त्या मुलाकडे आहे.